परदेशी नोकरीच्या दारावरचा सरकारी पहारा : ‘ई-मायग्रेट’ सेवेचे परीक्षण

परराष्ट्र मंत्रालयाचे ‘ई-मायग्रेट’ हे संकेतस्थळ आणि त्याचे मोबाइल ॲप यांच्याकडे आपल्याकडे बहुतेक जण आखातात मजुरीला जाणाऱ्यांची कागदपत्रे पुढे सरकवणारी एक सरकारी खिडकी म्हणूनच पाहतात, आणि ज्यांच्या घरातले कोणी गल्फला गेलेले नाही त्यांना तर त्याचे नावही ठाऊक नसते. वास्तविक सीमेपलीकडच्या मानवी तस्करीविरुद्ध सामान्य कुटुंबाला स्वतःच्या हाताने वापरता येईल असे हे जवळजवळ एकमेव साधन आहे. पोलीस, दूतावास, दोन देशांमधले करार ही सारी यंत्रणा माणूस अडकल्यानंतर हलू लागते. ही सेवा मात्र तो अजून घरात असताना, एजंटाच्या हाती पैसे पडण्याआधी, उपयोगी पडते. म्हणून तिचे परीक्षण ‘ॲप चालते की अडकते’ एवढ्यावर करून भागत नाही. ती कोणाला ओळखते, कोणाला ओळखत नाही आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचा प्रत्यक्षात किती आधार मिळतो, हेही पाहावे लागते.

या लेखात मी ‘ई-मायग्रेट’ बरोबरच परदेशातल्या भारतीयांच्या तक्रारींसाठी फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेले ‘मदद’ हे पोर्टल आणि प्रवासी भारतीय साहाय्य केंद्राची हेल्पलाइन यांचाही एकत्रच विचार केला आहे, कारण अडचणीत सापडलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने ही तीन कार्यालये नसून एकच सरकार असते. निकाल आधीच सांगून टाकते. एजंट खरा की बनावट हे तपासण्याच्या कामी मी या सेवेला पाचपैकी साडेचार गुण देईन. कमी शिकलेल्या कामगाराला आखातात संरक्षण देण्याच्या कामी साडेतीन. आणि बँकॉकमार्गे ‘डेटा एंट्री’च्या नोकरीला निघालेल्या पदवीधर मुलाला वेळीच थांबवण्याच्या कामी एक, तोही तिच्यावर वेळोवेळी प्रसिद्ध होणाऱ्या इशाऱ्यांसाठी.

आधी चांगली बाजू. ही सेवा २०१४ पासून चालू आहे आणि तिची नवी आवृत्ती, ॲपसह, ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. तिच्या मुळाशी १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे, ज्याच्या दहाव्या कलमानुसार नोंदणी प्रमाणपत्र असल्याशिवाय कोणालाही परदेशी नोकरभरतीचा धंदा करता येत नाही. हे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी मोठ्या एजंटाला ५० लाख रुपयांची आणि लहान प्रवर्गातल्या एजंटाला ८ लाख रुपयांची बँक हमी द्यावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी संकेतस्थळावर कोणालाही, लॉगिन न करता, पाहता येते. नाव किंवा परवाना क्रमांक घालून शोधले की संबंधित परवाना चालू आहे, मुदत संपलेला आहे, निलंबित आहे की रद्द झाला आहे हे समजते. परवाना क्रमांक कार्यालयात ठळकपणे लावणे आणि प्रत्येक जाहिरातीत, मग ती वर्तमानपत्रातली असो वा समाजमाध्यमावरची, छापणे एजंटावर बंधनकारक आहे. ज्या जाहिरातीत हा क्रमांकच नाही ती तिथेच बाजूला ठेवावी, इतका हा नियम वापरायला सोपा आहे.

कनिष्ठ महाविद्यालयात करिअर मार्गदर्शनाचे काम करताना मी ही यादी मुलांना आणि त्यांच्या पालकांना उघडून दाखवते, आणि दरवेळी त्यांच्या लक्षात आणून द्यावी लागणारी बाब म्हणजे यादीत नाव सापडले की काम संपत नाही. नोंदणीकृत कंपनीचे नाव, बोधचिन्ह आणि परवाना क्रमांक उचलून स्वतःच्या व्हॉट्सॲपवरून व्यवहार करणारी माणसे आहेत. तेव्हा यादीतला पत्ता पाहून, त्याच कार्यालयात जाऊन, ‘हा मनुष्य तुमचाच का’ असे विचारल्याखेरीज पडताळणी पूर्ण झाली असे समजू नये. दुसरी बाब गावच्या ‘सब-एजंटा’ची. आमच्या रत्नागिरी-रायगड पट्ट्यात गल्फची वाट दाखवणारा माणूस बहुधा ओळखीचाच असतो, कोणाचा तरी मामेभाऊ, कोणाचा तरी जुना सहकारी, आणि ‘लायसन मुंबईला आहे’ असे तो मनापासून सांगतो. १९८३ च्या कायद्यात अशी मधली पायरीच नाही. पैसे घेणारा, पावती देणारा आणि परवाना असणारा हे तिन्ही एकच असले पाहिजेत.

पैशांच्या बाबतीतही नियम स्पष्ट आहे. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा वस्तू व सेवा कर एवढेच घेता येतात, आणि त्याची पावती द्यावी लागते. याउलट बेकायदा एजंट साधारणपणे दोन ते पाच लाख रुपये उकळतात, असे परराष्ट्र मंत्रालयानेच २०२३ मध्ये सांगितले होते. म्हणजे मागितलेली रक्कम हीच पहिली चाचणी आहे. आकडा लाखांत गेला की पुढचे काही तपासण्याची गरज उरत नाही. त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२३ अखेर, या संकेतस्थळावर नोंदणी नसलेल्या २,९२५ एजंटांची नावे जाहीर झालेली होती. ही यादी उपयुक्त आहे, पण ती वाचताना एक सावधगिरी हवी. या काळ्या यादीत नाव नसणे हा कोणाच्याही प्रामाणिकपणाचा पुरावा नाही, कारण तक्रार झाल्याशिवाय नाव तिथे येतच नाही, आणि फसलेली माणसे लाजेपोटी किंवा पैसे परत मिळतील या आशेपोटी तक्रार करायला महिनोन् महिने लावतात.

आता मूळ रचनेकडे वळते. ज्याचे शिक्षण दहावीपर्यंत झालेले नाही अशा नागरिकाच्या पासपोर्टवर सामान्यतः ‘ईसीआर’ म्हणजे उत्प्रवास परवानगी आवश्यक असल्याची नोंद असते, आणि असा पासपोर्ट घेऊन नोकरीसाठी ठरावीक १८ देशांत जायचे असेल तर ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची परवानगी लागते. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन यांच्याबरोबर इराक, जॉर्डन, लेबनॉन, लिबिया, येमेन, सीरिया, सुदान, दक्षिण सुदान, अफगाणिस्तान, मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंड हे ते देश. परदेशी मालक पोर्टलवर नोंदणी करतो, किती माणसे कोणत्या कामासाठी आणि किती पगारावर हवीत ते कळवतो, एजंट त्यावर कामगारांचे अर्ज चढवतो आणि मग परवानगी निघते. या साखळीत मालकाचे नाव, पगार आणि करार सरकारी नोंदीत राहतो, ही लहान गोष्ट नव्हे. पगार बुडाला, पासपोर्ट काढून घेतला, ठरलेल्यापेक्षा वेगळेच काम दिले, तर दूतावासाकडे दाखवायला कागद असतो. शिवाय प्रवासी भारतीय बीमा योजनेखाली दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांत १० लाखांचा विमा मिळतो, ज्याची माहिती एजंट कामगाराला क्वचितच नीट समजावून सांगतात.

स्त्रियांसाठी नियम अधिक कडक आहेत. ‘ईसीआर’ पासपोर्टवर ३० वर्षांखालच्या स्त्रीला या देशांत कामाला जाण्याची परवानगी मिळत नाही, आणि त्यावरच्या वयाच्या स्त्रियांची भरती खासगी एजंटांऐवजी सरकारी संस्थांमार्फतच व्हावी अशी व्यवस्था आहे. हेतू चांगला आहे यात शंका नाही, पण घरकामासाठी जाऊ पाहणारी बाई या नियमामुळे जायची थांबते असे नाही. व्हिजिट व्हिसावर तिला नेणारा माणूस लगेच सापडतो, आणि मग तिचे नाव, मालक, करार यांपैकी कशाचीच नोंद कुठे नसते. संरक्षणासाठी घातलेली बंदी तिला नोंदीबाहेर ढकलते, हा या सेवेतला जुना दोष आहे आणि नव्या आवृत्तीत पडदे देखणे झाले तरी तो तसाच राहिला आहे.

त्याहून मोठा दोष मात्र दिशेचा आहे. ही सगळी व्यवस्था ज्या बळीला डोळ्यांसमोर ठेवून उभारली तो कमी शिकलेला, आखातात जाणारा, अंगमेहनतीचे काम करणारा माणूस होता. गेल्या काही वर्षांत तस्करीचा जो नवा प्रवाह सुरू झाला त्यातला बळी पदवीधर आहे, त्याला संगणक येतो, इंग्रजी येते, त्याच्या पासपोर्टवर कसलीही नोंद नाही, आणि तो पर्यटक म्हणून स्वतःच्या पायांनी विमानात चढतो. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पहिला ठळक इशारा दिला तेव्हाच चित्र स्पष्ट झाले होते. थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ अशी नोकरी देतो म्हणून समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींतून आणि दुबई व भारतातल्या एजंटांमार्फत तरुणांना बोलावले जात होते, आणि तिथून बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये नेऊन कॉल सेंटरवरची फसवणूक आणि आभासी चलनाच्या गंडवणुकीचे काम त्यांच्याकडून सक्तीने करून घेतले जात होते.

मार्ग ठरलेला आहे. बँकॉकला उतरायचे, तिथून गाडीने पश्चिमेकडच्या माए सोत या सीमेवरच्या शहरात जायचे, मोई नदी ओलांडायची, की पलीकडे म्यावाडी आणि ‘केके पार्क’सारखी कुंपणाआडची वसाहत. कंबोडियातले सिहानुकविल आणि लाओसमधले गोल्डन ट्रँगल विशेष आर्थिक क्षेत्र ही अशीच आणखी ठिकाणे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक अशा कामात जबरदस्तीने अडकलेले असावेत. आपल्या इमिग्रेशन विभागाच्या नोंदींवरून २०२४ मध्ये पुढे आलेला आकडा असा होता की जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात व्हिजिटर व्हिसावर कंबोडिया, थायलंड, म्यानमार आणि व्हिएतनाम येथे गेलेल्यांपैकी २९,४६६ भारतीय परतलेले नव्हते, आणि त्यांत तीन हजारांहून अधिक जण महाराष्ट्रातले होते. हे सारेच कैदेत आहेत असा त्याचा अर्थ नाही. पण एकट्या महाराष्ट्रातल्या इतक्या माणसांविषयी ‘ई-मायग्रेट’वर बहुधा एक ओळही नसेल, कारण या सेवेच्या लेखी ती कामाला गेलेलीच नाहीत.

यातला विरोधाभास यादी वाचताना चटकन दिसतो. थायलंड त्या १८ देशांत आहे. म्यानमार, कंबोडिया आणि लाओस नाहीत. थायलंड असूनही उपयोग होत नाही, कारण दहावी झालेल्याला परवानगी लागत नाही आणि पर्यटकाला तर प्रश्नच नाही. त्यातच थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसामाफी दिली आणि जुलै २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांची केली, जे सहलीला जाणाऱ्यांच्या दृष्टीने फारच सोयीचे झाले आणि तस्करांच्या दृष्टीनेही. ज्यांना परवानगीची गरज नाही अशांनीही या १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी ‘ई-मायग्रेट’वर आपली नोंद करावी, असा आदेश सरकारने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढला होता, पण विमानतळावर लोक अडकतील या भीतीने मोठी नाराजी उमटली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस तो मागे ठेवून नोंदणी ऐच्छिक करण्यात आली. मला स्वतःला ती सक्ती पसंत नव्हती आणि आजही नाही, कारण पर्यटक म्हणून जाणारा माणूस सक्ती असतानाही नोंद करणार नव्हताच. पण ऐच्छिक नोंदणीची सोय आहे हे कोणाला माहीतच नसणे, हे मात्र सेवेचे अपयश आहे.

गंमत अशी की कायदा या मुलांना पूर्णपणे विसरलेला नाही. १९८३ च्या कायद्यातल्या ‘काम’ या संज्ञेत कार्यालयीन सहायक, टंकलेखक, विक्रेता ही कामे स्पष्टपणे येतात, म्हणजे ‘डेटा एंट्री’साठी कंबोडियाला माणसे पाठवणारा विनापरवाना मनुष्य दहाव्या कलमाखाली गुन्हेगार ठरू शकतो, त्याच्या गिऱ्हाइकाचा पासपोर्ट कोणत्याही प्रकारचा असो. अडचण शिक्षेची आहे. चोविसाव्या कलमात कमाल दोन वर्षांचा कारावास आणि दोन हजार रुपयांपर्यंतचा दंड आहे. एकेका मुलामागे लाखो रुपये मिळवणाऱ्याला दोन हजारांचा दंड म्हणजे रिक्षाभाड्याचा हिशेब. हा कायदा बदलण्यासाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध झाला.

आता तक्रारीची बाजू. ‘मदद’वर कुटुंबातल्या कोणीही अडकलेल्या व्यक्तीच्या वतीने तक्रार नोंदवू शकते, तिला क्रमांक मिळतो, ती संबंधित दूतावासाकडे जाते आणि पुढची प्रगती पाहता येते. १८००११३०९० या टोल-फ्री क्रमांकावर साहाय्य केंद्राची हेल्पलाइन आहे. दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, ज्यातून अडकलेल्यांच्या राहण्याजेवणाचा, कायदेशीर मदतीचा आणि परतीच्या तिकिटाचा खर्च करता येतो. रचना म्हणून हे सारे चांगले आहे आणि आखातातल्या पगाराच्या किंवा पासपोर्टच्या भांडणात ते कामाला येते. पण परदेशात प्रत्यक्ष जाऊन बोलता येईल अशी साहाय्य केंद्रे पाहा. ती दुबई, रियाध, जेद्दा आणि क्वालालंपूर येथे आहेत, म्हणजे पुन्हा त्याच जुन्या वाटेवर. शिवाय ज्या वसाहतीत मुलाचा फोन काढून घेतलेला असतो आणि घरी बोलायचे तर समोर पहारेकरी बसलेला असतो, तिथून तक्रार येण्याची वाट पाहणारी कोणतीही सेवा अर्धीच उपयोगी. म्हणूनच तक्रार घरच्यांनी करायची असते, आणि तीसाठी लागणारे तपशील, म्हणजे पासपोर्टची प्रत, विमानाचे तिकीट, एजंटाशी झालेले संभाषण, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि मुलाने पाठवलेले शेवटचे ठिकाण, हे निघण्यापूर्वीच घरी ठेवलेले असले पाहिजेत.

तक्रार पुढे गेली की तिचे काय होते, हे पूर्णपणे त्या-त्या देशाच्या सहकार्यावर अवलंबून आहे, आणि इथे गुणांकन करणे अवघड होते. कागदावर काही कमी नाही. संयुक्त राष्ट्रांचा पालेर्मो येथील २००० सालचा तस्करीविरोधी करार भारताने २००२ मध्ये स्वाक्षरी करून २०११ मध्ये अंगीकारला, आणि थायलंड, म्यानमार, कंबोडिया, लाओस हे चारही देश त्यात आहेत. कंबोडियाशी भारताने जानेवारी २०१८ मध्ये मानवी तस्करी रोखण्याचा स्वतंत्र सामंजस्य करार केला, आणि फौजदारी प्रकरणांत परस्पर कायदेशीर मदतीचाही. म्यानमारशी फेब्रुवारी २०२० मध्ये बळींची सुटका, मायदेशी पाठवणी आणि पुनर्वसन यांसाठी करार झाला. वर्षभरातच, फेब्रुवारी २०२१ मध्ये, तिथे लष्कराने सत्ता घेतली, आणि म्यावाडीच्या परिसरात तर यांगून वा नेप्यिडॉच्या सरकारपेक्षा स्थानिक सशस्त्र गटांचाच शब्द चालतो. ज्याच्याशी करार आहे त्याच्या हाती तो प्रदेश नाही आणि ज्याच्या हाती प्रदेश आहे त्याच्याशी करार करता येत नाही, अशा पेचात दूतावासातले अधिकारी काम करत असतात.

कंबोडियात करार उपयोगी पडला असे म्हणायला जागा आहे. मार्च २०२४ अखेर परराष्ट्र मंत्रालयाने तिथून सुमारे २५० भारतीयांना सोडवून परत आणल्याचे सांगितले होते, आणि त्यांतले ७५ हे आधीच्या तीन महिन्यांतले होते. लाओसमधल्या दूतावासाने ऑगस्ट २०२४ मध्ये गोल्डन ट्रँगलमधून ४७ जणांना बाहेर काढले. म्यानमारच्या बाबतीत मात्र दार उघडले ते दुसऱ्यांच्या धक्क्याने. जानेवारी २०२५ मध्ये एका चिनी अभिनेत्याला याच मार्गाने पळवले गेल्यावर गाजावाजा झाला, चीनने दबाव आणला, ५ फेब्रुवारीला थायलंडने सीमेपलीकडच्या भागांची वीज, इंधन आणि इंटरनेट तोडले, आणि मग हजारो माणसे बाहेर पडू लागली. त्यांतले २८३ भारतीय १० मार्चला आणि २६६ दुसऱ्या दिवशी हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहून मायदेशी आले. एवढ्या लोकांना दोन दिवसांत उचलून आणणे ही मोठी कामगिरी आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे; पण ती कराराच्या जोरावर झाली असे मला वाटत नाही. वीज तोडण्याचा निर्णय बँकॉकमध्ये झाला आणि त्याचा लाभ आपल्यालाही झाला, एवढेच म्हणता येईल.

सीमा ओलांडून आलेल्या माणसाला थायलंडमध्ये लगेच विमानात बसवता येत नाही, हे अनेक कुटुंबांना माहीत नसते आणि मग ‘दूतावास काही करत नाही’ अशी चीड येते. नदी ओलांडून आलेला मनुष्य तिथल्या कायद्याने बेकायदा शिरलेला असतो. तो तस्करीचा बळी आहे की इमिग्रेशन कायद्याचा गुन्हेगार आहे हे आधी ठरवले जाते, त्यासाठी मुलाखती होतात, दुभाषे लागतात, आणि बळी ठरला नाही तर दंड वा कोठडी सोसून मगच सुटका होते. आसियान देशांच्या २०१५ च्या तस्करीविरोधी करारात, बळीकडून सक्तीने घडलेल्या बेकायदा कृत्यांबद्दल त्याला जबाबदार न धरण्याचा विचार करावा असे कलम आहे. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये तस्करीची व्याख्या आहे आणि बळीची संमती गैरलागू ठरवलेली आहे, जे फार महत्त्वाचे आहे, कारण ‘तो स्वतःच तिकीट काढून गेला’ या युक्तिवादाला तिथे उत्तर मिळते. पण शोषणाच्या प्रकारांत सक्तीने गुन्हे करायला लावणे याचा वेगळा उल्लेख नाही आणि बळीला शिक्षेपासून संरक्षण देणारे स्वतंत्र कलमही नाही. याचा परिणाम असा होतो की परत आलेला मुलगा चौकशीला घाबरून गप्प बसतो, आणि त्याच्याजवळ असलेली एजंटांची नावे, खाती, क्रमांक तपासापर्यंत पोहोचत नाहीत. दक्षिण आशियातला सार्कचा २००२ चा करार तर फक्त वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या स्त्रिया व मुलांच्या तस्करीपुरताच आहे. म्हणजे बळीचे जुने चित्र केवळ आपल्या पोर्टलच्याच डोळ्यांसमोर आहे असे नाही, करारांचीही तीच गत आहे.

तपासाच्या आघाडीवर महाराष्ट्रात काही हालचाल झाली आहे. मुंबई पोलिसांकडे दाखल झालेले असे एक प्रकरण राष्ट्रीय तपास यंत्रणेने मे २०२४ मध्ये आपल्याकडे घेऊन अनेक राज्यांत छापे घातले, आणि एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून साठहून अधिक भारतीयांची सुटका करून एजंटांना अटक केली. या प्रकरणांतून पुढे आलेली नावे आणि टोपणनावे ‘ई-मायग्रेट’च्या यादीत किती लवकर चढतात, यावर मी पुढच्या वेळी या सेवेला गुण देईन, कारण एजंट अटकेत असतानाही त्याची टेलिग्रामवरची जाहिरात चालूच राहते, आणि यादी पाहणाऱ्या पालकाला तिचा पत्ता नसतो.

सेवा वापरू इच्छिणाऱ्यांसाठी माझी शिफारस अशी. आखातात जाणाऱ्याने ती वापरावीच, आणि परवाना, मालकाची नोंद, करार, विमा या चारही गोष्टी पोर्टलवर पाहिल्याखेरीज पासपोर्ट कोणाच्या हाती देऊ नये. आग्नेय आशियात ‘आयटी’ची नोकरी मिळाली म्हणून निघालेल्याने एजंटाचे नाव नोंदणीकृत यादीत शोधावे, ते नसेल, आणि व्हिसा कामाचा नसून पर्यटनाचा असेल, तर ‘तिथे गेल्यावर बदलून देतो’ हे आश्वासन ऐकून घेऊ नये. आणि कोणी आधीच अडकलेले असेल तर ‘मदद’वर नोंद करून थांबू नये, स्थानिक पोलीस ठाण्यातही तक्रार द्यावी. तिथे ‘परदेशातले प्रकरण आहे, केंद्राची परवानगी लागेल’ असे उत्तर मिळण्याची शक्यता असते. तेव्हा १९८३ च्या कायद्याचे सत्ताविसावे कलम छापून सोबत न्यावे. खटल्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते हे त्यात आहे खरे, पण तक्रार जाणाऱ्या व्यक्तीने स्वतः किंवा तिच्या वतीने आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण वा पालक यांनी केलेली असेल, तर ती परवानगी लागत नाही, असेही त्याच कलमात पुढे लिहिलेले आहे.